रसिक मंडळाचा अध्यक्ष कोण ठरवतो?

सप्टेंबर २०२१ च्या अखेरीस चेन्नईच्या दिवाणी न्यायालयात एक विलक्षण दावा सुनावणीस आला. तमिळ अभिनेते विजय यांनी, आपल्या नावाचा वापर करून सभा-बैठका घेण्यास अकरा जणांना मनाई करावी, अशी मागणी केली होती. या अकरा जणांत त्यांचे आईवडीलही होते. वडील, दिग्दर्शक एस. ए. चंद्रशेखर यांनी न्यायालयास सांगितले, की ‘विजय मक्कल इयक्कम’ ही चाहत्यांची संघटना त्याच वर्षी विसर्जित करण्यात आली असून आपण आता केवळ विजयचे चाहते म्हणून उरलो आहोत. त्यानंतर जेमतेम पंधरवड्याने तमिळनाडूतील नऊ जिल्ह्यांच्या ग्रामीण स्थानिक निवडणुकांचे निकाल लागले. याच संघटनेचे १६९ जण अपक्ष म्हणून उभे होते आणि त्यांपैकी ११५ निवडून आले, असे संघटनेच्या वतीने जाहीर झाले.

वडिलांच्या लेखी विसर्जित झालेली संघटना मतपेटीतून जिवंत होऊन बाहेर आली, याची तेव्हा माध्यमांत बरीच चर्चा झाली. त्यातील एक विसंगती मात्र फारशी कोणाच्या लक्षात आली नाही. या ११५ जणांना गावच्या मतदारांनी गुप्त मतदानाने निवडले; पण ज्या संघटनेच्या ओळखीवर ते उभे राहिले, तिच्यातील पदे मतदानाने भरली जात नव्हती. संघटना आहे की नाही, तिचे प्रमुख कोण, तिच्या नावावर हक्क कोणाचा, हे प्रश्न पितापुत्रांमध्ये आणि न्यायालयात सुटत होते. वर्षानुवर्षे रक्तदान शिबिरे भरवणाऱ्या सभासदाला त्यात मत नव्हते.

दक्षिणेतील ‘रसिगर मंद्रम’ म्हणजे रसिक मंडळ, म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर उंच कटआउटवर होणारा दुधाचा अभिषेक, फटाके आणि पहाटेचा पहिला खेळ उभा राहतो. माटुंग्याच्या अरोरा चित्रपटगृहाबाहेर रजनीपटांच्या वेळी हा जल्लोष मुंबईकरांनीही पाहिलेला आहे. परंतु हे मंडळांचे वर्षातून दोन-चार दिवसांचे रूप झाले. उरलेले वर्ष ती वेगळ्याच कामात असतात. शाळकरी मुलांना वह्या, विधवांना शिवणयंत्रे, पूर आला की तांदूळ आणि चादरी, नेत्याच्या, म्हणजे अभिनेत्याच्या, वाढदिवसाला रक्तदान आणि अन्नदान असा हा कार्यक्रम ठरलेला असतो. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ सारा डिकी यांनी १९८० च्या दशकात मदुराईत राहून केलेल्या अभ्यासातही हे समाजकार्य ठळकपणे आले आहे. मंडळातील बहुसंख्य तरुण स्वतःच गरीब वस्त्यांतील असतात आणि आपण नुसते सिनेमावेडे नाही, हे दाखवण्याचे त्यांचे साधन म्हणजे ही समाजसेवा, असे या अभ्यासातून दिसते.

अशा मंडळाचे अध्यक्षपद हा प्रकार नीट समजून घेतला पाहिजे. गल्लीतील वीस-पंचवीस तरुण एकत्र येतात. त्यांत रिक्षाचालक असतो, रंगारी असतो, चहाची टपरी चालवणारा असतो. अध्यक्ष, सचिव, खजिनदार अशी नावे आपसांत ठरतात. पण त्या नावांना किंमत येते ती अभिनेत्याच्या मुख्य संघटनेने मान्यता दिल्यावर. मंडळाचा खर्च बव्हंशी वर्गणीतून आणि पदाधिकाऱ्यांच्या खिशातून भागतो. मोबदल्यात त्याला काय मिळते? फलकावर अभिनेत्याच्या पायाशी स्वतःचे छायाचित्र, पहिल्या खेळाची तिकिटे आणि वस्तीत एक वजन. रुग्णालयात खाट हवी, शिधापत्रिकेचे काम अडले, तर लोक त्याच्याकडे येतात. पोलीस ठाण्यात आणि पक्ष कार्यालयात त्याला नावाने ओळखतात. हे वजन वस्तीत कमावलेले असले, तरी पद मात्र वरून मिळालेले असते. ते कधीही काढून घेता येते.

या पदाला राजकीय भाव कसा आला, हे सर्वज्ञात आहे. ऑक्टोबर १९७२ मध्ये द्रमुकमधून बाहेर काढल्या गेलेल्या एम. जी. रामचंद्रन यांना नवा पक्ष उभा करायला शाखा शोधाव्या लागल्या नाहीत. रसिक मंडळांचे जाळे तयारच होते. १९७७ मध्ये ते मुख्यमंत्री झाले. तेव्हापासून प्रत्येक मोठ्या नटाचे मंडळ म्हणजे उद्याचा पक्ष, अशी समजूत रूढ झाली. २००५ मध्ये विजयकांत यांनी, २००८ मध्ये आंध्रात चिरंजीवी यांनी तो प्रयोग केला. चिरंजीवी यांच्या चाहत्यांनी १९९८ पासून त्यांच्या न्यासाच्या रक्तपेढीसाठी केलेले काम खरोखर मोठे आहे. मात्र २००९ च्या निवडणुकीत त्यांच्या प्रजा राज्यम पक्षाला २९४ पैकी १८ जागा मिळाल्या आणि २०११ मध्ये पक्ष काँग्रेसमध्ये विलीन झाला. रक्तदात्यांची यादी आणि मतदारांची यादी एक नसते, हे तेव्हाच दिसून आले होते.

तरीही खरा धडा मिळाला तो रजनीकांत यांच्या चाहत्यांना. बंगळुरूतील मराठीभाषक कुटुंबात जन्मलेल्या या शिवाजीराव गायकवाडांनी ३१ डिसेंबर २०१७ रोजी राजकारणात उतरण्याची घोषणा केली. जुन्या मंडळांचे ‘रजनी मक्कल मंद्रम’ झाले. जिल्हा सचिवांपासून खालपर्यंत नेमणुका सुरू झाल्या आणि लगोलग हकालपट्ट्याही. ज्यांनी ऐन तारुण्यात घरच्यांची बोलणी खात मंडळ चालवले होते, त्यांना आता आपला हक्काचा क्षण आला असे वाटणे स्वाभाविक होते. पण ऑक्टोबर २०१८ मध्ये रजनीकांत यांनी पत्रक काढून स्पष्ट केले, की तीस-चाळीस वर्षे मंडळात असणे एवढीच पदासाठी पात्रता मानता येणार नाही. पदाच्या आणि पैशाच्या अपेक्षेने येणारे आपल्याला नकोत, असाही त्या पत्रकाचा सूर होता.

तत्त्व म्हणून यात चूक काढता येत नाही. ज्येष्ठता म्हणजे कर्तबगारी नव्हे. प्रश्न एवढाच, की कर्तबगारी कोणी आणि कशाने मोजायची? सभासदांच्या मताने मोजली असती, तर वादाला तोंड फुटले असते. पण तो वाद उघड्यावर मिटलाही असता. येथे ती मुख्यालयाने मोजली. मार्च २०२० मधील पत्रकार परिषदेत तर रजनीकांत यांनी लग्नघराचा दाखला दिला. लग्नकार्यासाठी लावलेली माणसे कार्य उरकल्यावर कोणी घरी ठेवून घेत नाही, त्याप्रमाणे निवडणूक संपल्यावर पक्षात हजारो पदे कशाला हवीत, असा त्यांचा मुद्दा होता. प्रशासकीय दृष्टीने हा विचार ताजा होता. ज्यांच्याकडे ती पदे होती, त्यांना तो कसा ऐकू आला असेल, याची कल्पना करणे अवघड नाही.

२९ डिसेंबर २०२० रोजी प्रकृतीच्या कारणास्तव रजनीकांत यांनी माघार घेतली. ते कारण प्रामाणिक होते, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. जानेवारीत तीन जिल्हा सचिव द्रमुकमध्ये गेले. मंद्रमने मग कळवले, की सभासदांनी राजीनामा देऊन हव्या त्या पक्षात जावे, फक्त आपण रजनीचे चाहते आहोत हे विसरू नये. १२ जुलै २०२१ रोजी मंद्रमच बरखास्त झाले आणि चाहते पुन्हा जुन्या, ‘सत्कार्य’ हा शब्द नावात असलेल्या मंडळात परतले. साडेतीन वर्षांत उभी राहिलेली हजारो पदे एका पत्रकाने शून्यावर आली. अजित कुमार यांनी तर २०११ मध्येच आपली सर्व रसिक मंडळे एका निवेदनाने बंद केली होती. मंडळे आपल्या नावाने राजकारण करू लागली आहेत, ही त्यांची तक्रार होती. त्यांचा निर्णय अनेकांना कठोर वाटला. वस्तुतः तो त्या मानाने सरळ होता, कारण त्यांनी कोणाला आमदारकीचे स्वप्न दाखवलेले नव्हते.

अभिनेत्यांची बाजूही ऐकली पाहिजे. नाव त्यांचे असते. गल्लीतील एखाद्या अध्यक्षाने त्या नावावर देणग्या गोळा करून हिशेब दिला नाही, तर बदनामी त्यांचीच होते. स्वतःच्या आईवडिलांविरुद्ध न्यायालयात जाण्याची पाळी येते ती यामुळेच. नेमणुकीची सूत्रे हाती ठेवण्यामागे अहंकारापेक्षा ही भीती अधिक असते, असे म्हणता येईल.

मात्र दुसरी रीतही अस्तित्वात आहे. ‘स्टार वॉर्स’ चित्रपटमालेतील खलनायकांचे पोशाख घालून धर्मादाय कार्यक्रमांना जाणाऱ्या चाहत्यांची ‘५०१ वी लीजन’ ही संघटना अमेरिकेत १९९७ मध्ये अल्बिन जॉन्सन यांनी सुरू केली. आज तिच्या तुकड्या अनेक देशांत आहेत. सभासद अठरा वर्षांवरील हवा, पोशाख त्याने स्वखर्चाने केलेला हवा आणि तो पडद्यावरील पोशाखाशी बारकाईने जुळतो की नाही, हे तपासूनच प्रवेश मिळतो. हजेरीचे मानधन कोणी घ्यायचे नाही. आयोजकाला द्यायचेच असेल, तर त्याने ते धर्मादाय संस्थेस द्यावे, असा दंडक आहे. आजारी मुलांची रुग्णालये हे या मंडळींचे नेहमीचे ठिकाण. आणि तुकडीच्या प्रमुखापासून संपूर्ण संघटनेच्या प्रमुखापर्यंतची पदे दरवर्षी निवडणुकीने भरली जातात. उमेदवाराने पुढे यायचे, आपण काय करणार ते सांगायचे, मते मागायची, आणि वर्षाने पुन्हा त्याच सभासदांसमोर उभे राहायचे. चित्रपटांचे हक्क असलेली कंपनी पात्रांची मालक आहे, संघटनेच्या पदांची नाही. २००७ च्या पहिल्या दिवशी कॅलिफोर्नियातील प्रसिद्ध रोझ परेडमध्ये जॉर्ज लुकास यांच्यासमवेत या चाहत्यांनी संचलन केले; तेथेही त्यांचे नेते त्यांनी स्वतः निवडलेलेच होते.

ही तुलना अर्थात पूर्ण जुळणारी नाही. पांढरे चिलखत घातलेल्या स्वयंसेवकाला पुढे नगरसेवक व्हायचे नसते, त्यामुळे तेथील हरणे सोसण्याजोगे असते. शिवाय त्यांचा नायक काल्पनिक आहे. तो पत्रक काढून मंडळ बरखास्त करू शकत नाही, हा केवढा मोठा फायदा! आपल्याकडील गणेशोत्सव मंडळांनाही तो लाभलेला आहे. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, घटना, वार्षिक सभा, हिशेबाचे अहवाल अशी चौकट त्यांना असते. अध्यक्षाची निवड पुष्कळदा चहाच्या कपावर ‘एकमताने’ होते आणि त्या एकमतामागे वॉर्डातील कोणत्या पुढाऱ्याचा हात आहे, हे उघड गुपित असते, ही गोष्ट निराळी. पण सभासद भांडायला उठला, तर त्याच्या हातात दाखवायला निदान एक घटना असते.

विजय यांच्या संघटनेचा पुढचा प्रवास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. मे २०२३ मध्ये जागतिक भूकदिनानिमित्त तिने राज्यभर मोफत भोजन दिले, तेही विधानसभेच्या २३४ मतदारसंघांचा हिशेब करून. पुढच्याच महिन्यात दहावी-बारावीच्या गुणवंतांचा सत्कार झाला, तोही मतदारसंघनिहाय. अन्नदानाचा नकाशा निवडणूक आयोगाच्या नकाशाशी जुळू लागला, की पुढे काय येणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘तमिळगा वेट्री कळगम’ या पक्षाची घोषणा झाली. पक्षाच्या निवडणुकीतील यशापयशाचा लेखाजोखा हा स्वतंत्र विषय आहे. येथे लक्षात घ्यायची ती पद भरण्याची पद्धत. जानेवारी २०२५ पासून जिल्हा सचिवांची नावे टप्प्याटप्प्याने मुख्यालयातून जाहीर होत गेली. वर्षानुवर्षे मंडळाचे काम केलेल्या किती जणांची नावे त्यात आली आणि किती जणांची राहिली, यावरून गावोगाव कुजबुज सुरू झाली.

डिसेंबर २०२५ मध्ये ती कुजबुज रस्त्यावर आली. तूत्तुकुडी जिल्ह्यातील एका महिला कार्यकर्तीने, जिल्हा सचिवपद आपल्याला डावलून दुसऱ्यास दिले म्हणून, समर्थकांसह चेन्नईजवळील पनैयूर येथील पक्ष कार्यालय गाठले आणि नेत्याची गाडी अडवण्याचा प्रयत्न केला. गाडी थांबली नाही. त्या जिल्ह्यातील किती सभासद तिच्या बाजूने होते आणि किती विरोधात, हे मोजण्याची सोय पक्षाकडे नव्हती आणि तिच्याकडेही नव्हती.