उबदार माघाची किंमत

गंगा-यमुनेच्या मैदानात पौष-माघाची थंडी सौम्य पडली, की दिल्ली-लखनौच्या नागरिकांना हायसे वाटते. आगगाड्या धुक्यात अडत नाहीत आणि रस्त्याच्या कडेला निजणाऱ्या निराधाराचा जीव वाचतो. हा शेवटचा लाभ लहान मानण्याचे धाडस आम्ही करणार नाही. परंतु ज्या उबेने शहर सुखावते, तीच शेजारच्या शिवारातील गव्हाच्या मुळावर येते, हेही विसरून चालणार नाही.

गहू थंडीवर पोसतो. दाणा भरण्याच्या दिवसांत, म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये, हवा गार राहिली तर तो टपोरा होतो. हवा अकाली तापली तर पीक घाईने पिवळे पडते व दाणा चिमतो. 2022 सालचा मार्च नेमका असा गेला. कमाल तापमानाच्या सरासरीत तो 1901 नंतरचा सर्वांत उष्ण मार्च ठरला. चिमलेल्या व तुटक्या दाण्यांची 6 टक्क्यांची मर्यादा सरकारला पंजाब-हरियाणात 18 टक्क्यांपर्यंत सैल करावी लागली आणि 13 मे रोजी गव्हाच्या निर्यातीवर बंदी आली. सरकारी खरेदी आदल्या वर्षीच्या सुमारे 433 लाख टनांवरून 188 लाख टनांवर घसरली. युक्रेनच्या युद्धाने चढलेल्या खुल्या बाजारभावाचा त्यात मोठा वाटा होता, हे खरे. पण पिकाची घटही खोटी नव्हती. पुढे 2023 चा फेब्रुवारी कमाल तापमानात आणि 2025 चा फेब्रुवारी सरासरी तापमानात उच्चांकी ठरला. चार वर्षांत तीनदा जे घडते, त्याला अपवाद म्हणता येत नाही.

गारपिटीचे नुकसान डोळ्यांना दिसते. तलाठी येतो, पंचनामा होतो. उबेने केलेले नुकसान उभ्या पिकात दिसत नाही, ते मळणीनंतर तराजूत कळते. 2022 ची सवलत शेतकऱ्याचा भाव वाचवू शकली, घटलेले वजन नव्हे. म्हणून पेरणीपूर्वीच सरकारने जाहीर करावे, की दाणा भरताना पारा अमुक अंशांवर गेला तर मदत अमुक मिळेल. लवकर पेरता येणारे, उष्णता सोसणारे बियाणे संशोधकांनी दिले आहे. भात उशिरा निघाल्याने ज्याचे शेत वेळेवर मोकळे होत नाही, त्या लहान शेतकऱ्याला यंत्राची जोड दिल्यावाचून ते बियाणे त्याच्या कामाचे नाही.

गोव्यात गहू पिकत नाही, तेव्हा आपल्याला काय त्याचे, असे कोणी म्हणेल. पदेराच्या टोपलीतला उंडा आणि सणाची पुरणपोळी कोणत्या मातीतून येते, याचा त्याने विचार करावा. शिवाय आपल्या आंब्या-काजूचा मोहोरही गार रात्रींचीच वाट पाहत असतो. 1960 च्या दशकात परदेशी गव्हाच्या जहाजांकडे डोळे लावून बसलेल्या या देशाला, थंडीने दिलेली हुलकावणी ही केवळ हवापाण्याची वार्ता समजून भागणार नाही.