लिफ्टचा दांडा

एप्रिलात गावी गेलो होतो. गव्हाचं रान मोकळं झालेलं, चुलतभावाने नांगरटीला ट्रॅक्टर सांगितलेला. तास संपून बांध आला की ड्रायव्हर सीटजवळचा एक छोटा दांडा बोटांनी ओढायचा आणि मागचा पलटी नांगर, एवढं दोन-अडीच क्विंटलचं धूड, ढेकळं झटकत अलगद वर उठायचं. वळला की पुन्हा मातीत. "दादा, हे कुणी काढलं असेल हो?" मी विचारलं. "कुणी म्हंजे? कंपनीनं," म्हणत त्याने पुढचं तास धरलं.

कंपनीनं नाही, हॅरी फर्ग्युसननं. जुन्या यंत्रांच्या नादी लागलेल्या आम्हा मंडळींचा एक आवडता प्रश्न याच माणसावर आहे. आयर्लंडमध्ये पहिल्यांदा विमान कुणी उडवलं? समोरचा वैमानिकांची नावं आठवत बसतो. उत्तर बॉनेटवर लिहिलेलं असतं: मॅसी फर्ग्युसन.

हा शेतकऱ्याचा पोर. घरच्या शेतीला कंटाळून बेलफास्टला भावाच्या गॅरेजात कामाला लागला. 31 डिसेंबर 1909 रोजी हिल्सबरोला त्याने स्वतः बांधलेलं विमान उडवलं. किती? 130 यार्ड. दहा एसट्या एकामागे एक लावल्या की भरेल एवढं.

पुढे पहिल्या महायुद्धात धान्याची टंचाई आली आणि आयर्लंडभर ट्रॅक्टरची नांगरट कशी चालली आहे ते बघायचं काम त्याच्याकडे आलं. ज्या मातीला कंटाळून पळाला, तिच्यातच परत. त्या काळी नांगर ट्रॅक्टरच्या मागे नुसता अडकवून ओढायचे, बैलामागे अडकवावा तसा. फाळ दगडाला अडला की बैल थांबतो. ट्रॅक्टरला ती अक्कल नाही. मागची चाकं रेटत राहायची, पुढची उचलली जायची आणि ट्रॅक्टर उलटून चालवणाऱ्याच्या अंगावर यायचा. माणसं मेली अशी.

फर्ग्युसनने नांगर ट्रॅक्टरचाच अवयव केला. खाली दोन दांडे, वर एक टॉपलिंक. फाळाला जोर लागला की टॉपलिंक पुढे दाबली जाते. त्या दाबाने ट्रॅक्टरचं नाक जमिनीवर राहतं, आणि तोच दाब हायड्रोलिकला कळून नांगर जरासा उचलला जातो. नांगराचा भार मागच्या चाकांवर येतो, म्हणून ट्रॅक्टर हलका असूनही चाकं घसरत नाहीत. मला विचाराल तर त्या 130 यार्डांपेक्षा ही उडी मोठी.

1938 मध्ये त्याने हेन्री फोर्डशी भागीदारी केली, तीही कागद न करता, नुसत्या हस्तांदोलनावर. (आपल्याकडे बांधाच्या वाटणीलासुद्धा स्टॅम्पपेपर लागतो.) फोर्डच्या नातवाने ती मोडली, फर्ग्युसन कोर्टात गेला आणि 1952 मध्ये साडेब्याण्णव लाख डॉलरवर तडजोड झाली. दरम्यान इंग्लंडात कॉव्हेन्ट्रीला त्याचा करड्या रंगाचा टीई-20 निघू लागला होता. 1946 ते 1956 या दहा वर्षांत पाच लाखांवर ट्रॅक्टर बाहेर पडले. त्याची मला आवडणारी खोड म्हणजे स्टार्टर गिअरच्या दांड्यावर होता. गिअरमध्ये असताना ट्रॅक्टर सुरूच व्हायचा नाही. उलटलेले ट्रॅक्टर ज्याने ऐकले-पाहिले, त्यालाच हे सुचावं.

एव्हरेस्टवाले हिलरी 4 जानेवारी 1958 रोजी दक्षिण ध्रुवावर पोचले ते याच जातीच्या ट्रॅक्टरांवर बसून. बर्फासाठी फक्त चाकांवर पट्टे चढवले होते.

ड्रायव्हरदादांना हे सगळं चहाच्या वेळी सांगितलं. त्यांना विमानाचं काही वाटलं नाही. हिलरींचं ऐकल्यावर मात्र कप खाली ठेवून विचारलं, "तिथं डिझेल गोठत नव्हतं?" टीई-20 मध्ये पेट्रोलचंही इंजिन यायचं, एवढं मी सांगितलं.

तुमच्या गावात कुणाच्या वाड्यामागे एखादा करडा फर्ग्युसन गंजत पडला असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी मला कळवा.