मायना हरवलेले पत्र

इंग्लंड-अमेरिकेत नाताळच्या शुभेच्छापत्रासोबत कुटुंबाचा वर्षभराचा वृत्तान्त छापून सर्व स्नेह्यांना धाडण्याची रीत आहे. मुलांची पारितोषिके, प्रवास, नवे घर असा हा यशाचा ताळेबंद असतो. ब्रिटिश पत्रकार सायमन हॉगार्ट यांनी अशा पत्रांतील मासले निवडून २००४ साली त्यांची थट्टा करणारे पुस्तकच काढले.

आम्हाला बढाईपेक्षा या पत्रांचे सर्वांना उद्देशून असणे अधिक खटकते. मराठी पत्रात ‘तीर्थरूप’ की ‘चिरंजीव’, ‘साष्टांग नमस्कार’ की ‘अनेक उत्तम आशीर्वाद’, हे ठरविल्यावाचून लेखणी पुढे सरकत नसे. समोरचा माणूस असा निश्चित झाला की त्याला कोणते दुःख सांगायचे, हेही ठरे. एकच मजकूर सर्वांना जातो तेव्हा अपयश, आजार, दुरावा आपोआप गळतात. दूरच्या मित्राच्या हाती आपले प्रगतिपुस्तक पडते आणि आपली खरी खबर त्याला लागत नाही.

तरीही ही रीत त्याज्य ठरविण्याची घाई आम्ही करणार नाही. त्या निमित्ताने कोणीतरी आपला पत्ता जपून ठेवतो, हेही थोडे नाही. त्याने छापील मजकुराखाली स्वहस्ते दोन ओळी तेवढ्या लिहाव्यात. त्या ओळींना उत्तर देता येते.