विश्लेषण : एसी १८ अंशांवर ठेवला की खोली लवकर थंड होते का?

घरगुती एसीचे तापमान २० अंशांच्या खाली आणि २८ अंशांच्या वर नेताच येऊ नये, असा प्रस्ताव केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहरलाल खट्टर यांनी जून २०२५ मध्ये जाहीर केला. त्यावरची चर्चा सरकारने आपल्या शयनगृहात किती डोकवावे, या प्रश्नाभोवती बरीच फिरली. तो प्रश्न गैरलागू नाही. पण त्याआधीचा एक साधा प्रश्न त्यात मागे पडला. रिमोटवर दिसणारा तो आकडा नेमका कशाचा आहे, हे एसी वापरणाऱ्या किती घरांना ठाऊक आहे? विजेची बचत त्या उत्तरावर अवलंबून आहे, आणि ते उत्तर ना सरकार देते, ना एसी बसवायला आलेला तंत्रज्ञ.

रिमोटवरचा आकडा काय सांगतो?

तो आकडा थंडाव्याचा जोर दाखवत नाही. कुठे पोहोचल्यावर थांबायचे, एवढेच तो यंत्राला सांगतो. एसीत एक तापमान मोजणारा संवेदक असतो. खोलीतली हवा आपण दिलेल्या आकड्यापर्यंत उतरली की तो कॉम्प्रेसर बंद करायला लावतो आणि हवा पुन्हा थोडी तापली की सुरू करायला लावतो. या व्यवस्थेला थर्मोस्टॅट म्हणतात. गिझर, इस्त्री आणि फ्रिज यांतही तीच असते. जुन्या, एकाच गतीच्या एसीत कॉम्प्रेसर एक तर पूर्ण चालतो किंवा पूर्ण थांबतो. तिथे २४ अंशांवर आणि १८ अंशांवर बाहेर येणारी हवा सारखीच थंड असते. फरक इतकाच की २४ वर यंत्र कधीतरी विश्रांती घेते, १८ वर कदाचित रात्रभर घेत नाही.

इन्व्हर्टर एसीत गणित थोडे वेगळे आहे. त्याचा कॉम्प्रेसर कमी-जास्त वेगाने फिरतो. खोली ३४ अंशांवर असेल तर आकडा २४ असो की १८, सुरुवातीला तो जोरातच धावतो. २४ जवळ येऊ लागले की पहिला वेग कमी करतो, दुसरा करत नाही. म्हणजे शेवटचे अंश-दोन अंश १८ वर थोडे लवकर उतरतात, हे खरे. पण त्या काही मिनिटांसाठी आकडा खाली आणला आणि मग तो वर न्यायचे विसरून झोपलो, तर बिल रात्रभराचे येते. ज्यांना खरोखर घाई असते त्यांच्यासाठी रिमोटवर टर्बो किंवा तशाच नावाचे बटण असते आणि बऱ्याच संचांत ते काही वेळाने आपोआप बंदही होते.

हा संवेदक साधारणपणे भिंतीवरच्या संचातच, छताजवळ असतो. गरम हवा वर जाते. त्यामुळे संचाला जाणवणारे तापमान आणि पलंगावर झोपलेल्या माणसाला जाणवणारे तापमान एकच असेल असे नाही. वरच्या मजल्यावर, दिवसभर तापलेल्या स्लॅबखाली तर नाहीच. विदर्भात मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना अशा खोलीत लहान क्षमतेचा एसी १८ वर लावला, तर तो १८ पर्यंत कधी पोहोचतच नाही. मग थर्मोस्टॅट हे फक्त नाव उरते.

गैरसमज येतो कुठून?

लोक अडाणी आहेत म्हणून नव्हे. घरातल्या इतर वस्तूंनी लावलेली ती सवय आहे. पंख्याचा रेग्युलेटर जितका फिरवावा तितका वारा जास्त. नळ जितका सोडावा तितके पाणी जास्त. गॅसची शेगडीही तशीच. फ्रिजमधल्या गोल खटक्यावर तर मोठा आकडा म्हणजे जास्त थंड. अशा घरात एसी आला की त्याचा रिमोटही रेग्युलेटरसारखा वापरला जाणार. जास्त उकडते, म्हणून आकडा आणखी खाली.

अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ विलेट केंप्टन यांनी १९८६ मध्ये नेमक्या याच विषयावर निबंध प्रसिद्ध केला होता. मिशिगनमधील कुटुंबांशी बोलून त्यांनी दाखवले की घर तापवणाऱ्या थर्मोस्टॅटविषयी लोकांच्या मनात दोन वेगवेगळी चित्रे असतात. काहींच्या लेखी ते ठरलेल्या ठिकाणी थांबणारे यंत्र, तर काहींच्या लेखी नळ किंवा गाडीचा ॲक्सिलरेटर. गंमत म्हणजे नळाची समजूत प्रत्येक वेळी तोट्याचीच ठरते असेही त्यांना दिसले नाही. ज्याला तो नळ वाटतो, तो घराबाहेर पडताना आणि झोपताना नळ बंद करावा तसा आकडा खाली आणतो आणि इंधन वाचवतो. उलट यंत्र स्वतःचे पाहून घेईल असे मानणारा ते तसेच चालू ठेवू शकतो. आपल्याकडे मात्र दोन्हीकडचा तोटा एकत्र आला आहे. आकडा नळासारखा खाली ओढायचा आणि नंतर यंत्रावर सोडून द्यायचा. पहाटे चारला थंडी वाजली की उठून रिमोट शोधण्याऐवजी दुलई ओढून घ्यायची.

अमेरिकेत काय घडले?

हा उल्लेख कामाचा आहे, कारण आपल्या रिमोटवर आज जी बटणे आहेत त्यांचा प्रयोग तिथे मोठ्या प्रमाणावर होऊन फसला होता. तिथे एक थर्मोस्टॅट बहुधा संपूर्ण घराचे तापमान सांभाळतो. हनीवेल कंपनीने १९५३ मध्ये बाजारात आणलेला, हेन्री ड्रेफस यांनी घडवलेला गोल तबकडीचा थर्मोस्टॅट चालवायला कोणालाही शिकवावे लागत नसे. पुढे डिजिटल थर्मोस्टॅट आले. त्यांत दिवसाचे चार भाग ठरवता येतात : उठण्याची वेळ, घराबाहेर पडण्याची, परतण्याची आणि झोपण्याची. प्रत्येक वेळेसाठी वेगळे तापमान, शिवाय शनिवार-रविवारसाठी वेगळे वेळापत्रक. कागदावर हा हिशेब चोख आहे. घर रिकामे असताना किंवा सगळे झोपलेले असताना रोज आठ तास तापमान ७ ते १० अंश फॅरनहाइटने सैल सोडले, तर तापवण्या-थंड करण्याच्या वार्षिक खर्चात १० टक्क्यांपर्यंत बचत होऊ शकते, असे अमेरिकी ऊर्जा खाते सांगते.

प्रत्यक्षात अनेक घरांनी वेळापत्रक भरलेच नाही. लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेतील ॲलन मायर आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये मांडलेल्या पाहणीत सुमारे निम्म्या लोकांनी थर्मोस्टॅट 'होल्ड'वर ठेवला होता, म्हणजे वेळापत्रक गुंडाळून एकच आकडा कायम. लोकांनी पाठवलेल्या छायाचित्रांत पाचातल्या साधारण एका थर्मोस्टॅटवर घड्याळच चुकीचे होते. घड्याळ चुकले की वेळापत्रकाला अर्थ नाही. त्याआधीच, २००९ च्या अखेरीस, तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशा थर्मोस्टॅटना दिले जाणारे 'एनर्जी स्टार' हे मानचिन्ह काढून घेतले होते. बचत करण्याची सोय असणे आणि बचत होणे या दोन गोष्टी वेगळ्या निघाल्या. २०११ मध्ये आलेल्या 'नेस्ट'ने या अपयशातूनच धंदा उभा केला. घरातल्यांच्या सवयी पाहून वेळापत्रक स्वतःच बनवणारा हा थर्मोस्टॅट होता, आणि गूगलने ती कंपनी २०१४ मध्ये ३२० कोटी डॉलरना विकत घेतली. न्यू जर्सीला मुलाकडे गेलेल्या आईवडिलांना दुपारी घर अचानक गार का पडते असा प्रश्न पडतो, तो बऱ्याचदा अशाच वेळापत्रकामुळे. घरात कोणी नाही, असे यंत्राने गृहीत धरलेले असते.

आपल्या रिमोटवरची कोणती बटणे कामाची?

स्लीप आणि टायमर ही दोन बटणे म्हणजे आपल्याकडचे वेळापत्रक. स्लीप दाबल्यावर बहुतेक संच रात्री टप्प्याटप्प्याने आकडा अंश-दोन अंश वर नेतात. झोपताना हवा असलेला थंडावा पहाटे नको असतो, हे त्यामागचे साधे निरीक्षण. ते दाबले की दुलई ओढायची वेळ सहसा येत नाही. टायमर त्याहून सोपा. पहाटे चारला एसी बंद आणि पंखा चालू. मात्र टायमर घड्याळाच्या वेळेवर चालणारा आहे की 'इतक्या तासांनी' असा मोजणारा, हे पाहून घ्यावे लागते. पहिल्या प्रकारात रिमोटचे सेल बदलल्यावर घड्याळ पुन्हा लावले नाही, तर आपली गत त्या अमेरिकी छायाचित्रांसारखी होते.

ड्राय हे बटण मुंबई-कोकणात सर्वात दुर्लक्षित आहे आणि तिथेच त्याची सर्वाधिक गरज आहे. जुलैत बाहेर २७-२८ अंशच असतात, त्रास असतो तो दमटपणाचा. कूल मोडवर २५ लावले तर खोली लवकर तेवढी उतरते, कॉम्प्रेसर थांबतो आणि चिकचिक तशीच राहते. मग आकडा २०, मग १८. खरे तर माणसाला थंडी नको असते, कोरडी हवा हवी असते. ड्राय मोडमध्ये पंखा मंद ठेवून यंत्र हवेतले पाणी काढण्यावर भर देते. नागपूर-अकोल्याच्या कोरड्या उन्हाळ्यात याचा उपयोग नाही. तिथे मे महिन्यात वाळ्याचा कूलरही काम भागवतो, जो मुंबईत आणला तर घामात भर घालेल.

काही रिमोटमध्ये स्वतःचा संवेदक असतो. 'फॉलो मी', 'आय फील' अशा नावांनी तो सुरू करता येतो. तेव्हा तापमान छताजवळ न मोजता रिमोट ठेवला असेल तिथे मोजले जाते. उशाखाली किंवा खिडकीच्या उन्हात ठेवलेला रिमोट मग यंत्राची दिशाभूल करतो, हेही ओघाने आले. आणि छताचा पंखा : एसी २६ वर ठेवून पंखा मंद चालवला तर अंगाला जाणवणारा थंडावा पुरेसा असतो, आणि पंख्याची वीज एसीच्या तुलनेत किरकोळ असते.

बिलात फरक किती?

एक अंश वाढवला की विजेत सुमारे ६ टक्के बचत, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो सांगतो. टक्केवारीपेक्षा आपल्याकडे टप्पे महत्त्वाचे आहेत. ढोबळ हिशेब असा : दीड टनाचा एसी पूर्ण जोरात तासाला दीड युनिट घेतो असे धरले, तर रोज आठ तासांचे महिन्याला ३६० युनिट होतात. एसीशिवाय १५० युनिट लागणारे घर ५१० वर जाते. कॉम्प्रेसर निम्म्या जोरावर चालला तर तेच घर ३३० वर राहते. महावितरणचे घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटच्या पुढे बदलतात. वाढीव दर फक्त त्या सीमेपलीकडच्या युनिटला लागतो, साऱ्या बिलाला नाही. तरीही एसीची युनिट नेमकी त्या वरच्या, महाग भागात पडतात.

आता वेळेचाही प्रश्न आला आहे. स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर सवलत देण्याचे महावितरणने २०२५ मध्ये जाहीर केले. घरी वृद्ध किंवा लहान मुले असतील तर दुपारी पाचच्या आत खोली थंड करून ठेवणे परवडू शकते. पण त्यासाठी टायमर लावता यायला हवा.

मर्यादा घालून प्रश्न सुटेल?

देशाची विजेची मागणी ३० मे २०२४ रोजी २५० गिगावॉटवर पोहोचली होती आणि उन्हाळ्यातील या मागणीत एसीचा वाटा वाढतो आहे. सरकारची चिंता रास्तच आहे. २० अंशांची खालची मर्यादाही वाईट नाही. १६ हा आकडा रिमोटवर आहे तो गरजेपेक्षा जाहिरातीसाठी. पण याआधीचा उपाय पाहा. १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबल असलेल्या एसीचे मूळ तापमान २४ अंश असणे बंधनकारक झाले. कल्पना चांगली होती, कारण बहुतेक माणसे समोर असलेला आकडा बदलत नाहीत. अडचण रिमोटमध्ये आहे. बहुतेक रिमोट बटण दाबताच स्वतःच्या पडद्यावरची सगळी माहिती एकदम पाठवतात, आणि बऱ्याच रिमोटच्या पडद्यावर काल रात्रीचा १८ तसाच असतो. २४ चा नियम पहिल्या दिवसापुरता उरतो. साधा रिमोट फक्त सांगतो, ऐकत नाही. मध्ये पडदा आला आणि संदेश पोहोचला नाही, तर रिमोटवर एक आकडा आणि यंत्रात दुसरा, असेही होते.

जपानने २००५ मध्ये 'कूल बिझ' मोहिमेत कार्यालयांतले एसी २८ अंशांवर ठेवायला सांगितले, तेव्हा सोबत कोट आणि टाय काढून ठेवायची मुभाही दिली. नियम पाळण्याची वाट सोपी केली. आपल्याकडे तारे मोजताना यंत्राची कार्यक्षमता तपासली जाते, ते यंत्र घरातल्या सर्वात कमी इंग्रजी येणाऱ्या माणसाला चालवता येते का, हे कोणी तपासत नाही. दिवसभर घरी असणाऱ्या आजीच्या हातात जो रिमोट असतो, त्यावर मोड, स्विंग, स्लीप अशी इंग्रजी अक्षरे आणि बर्फाची, थेंबाची, चांदणीची चित्रे असतात. प्रत्येक कंपनीची चित्रेही थोडी निराळी. दर वेळी एसी सुरू करताना रिमोट २४ वर यावा, चिन्हे सर्व कंपन्यांची एकसारखी असावीत आणि रिमोटच्या मागे चार ओळी त्या राज्याच्या भाषेत असाव्यात, एवढी अट स्टार लेबलसाठी घालायला नवे तंत्रज्ञान लागत नाही. तोवर, नवा एसी बसवून झाल्यावर पैसे देण्याआधी तंत्रज्ञाला थांबवून स्लीप आणि टायमर घरातल्या सगळ्यांसमोर एकदा लावून दाखवायला सांगावे. पाच मिनिटांचे काम आहे.