शिळ्या पावाची ताजी गंमत

काय दोस्तांनो, परवाच्या पाकिटातले चार स्लाइस डब्यात पडून कडक झालेत ना? थांबा, टाकू नका! आपल्याकडे शिळ्या पोळीचा कुस्करा होतो, उरलेल्या भाताला फोडणी मिळते. युरोपातल्या आज्याही अशाच हुशार! पूर्वी तिथल्या कित्येक खेड्यांत भट्टी रोज पेटत नसे. एकदा भाजलेला पाव बरेच दिवस पुरवायचा, म्हणजे तो शिळा होणारच. मग त्याचे एक गोड आणि एक चटकदार असे दोन पदार्थ आज करू या. गॅस मात्र मोठ्यांनीच पेटवायचा हं!

गोड : फ्रान्सचा ‘पें पेर्द्यु’

नावाचा अर्थ ‘वाया गेलेला पाव’. जर्मनीत असाच पदार्थ आहे, त्याचं नाव ‘गरीब सरदार’! पोर्तुगालमध्ये तो नाताळात करतात. आपला ‘पाव’ हा शब्दसुद्धा पोर्तुगीजांकडूनच आलाय, बरं का.

साहित्य : शिळे स्लाइस ४, अंडं १, दूध १ वाटी, साखर २ चमचे, चिमूटभर दालचिनीपूड, लोणी २ चमचे.

कृती : पसरट ताटलीत अंडं फेटा. त्यात दूध, साखर आणि दालचिनीपूड घालून साखर विरघळेपर्यंत ढवळा. स्लाइस दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा मिनिट भिजवा. तव्यावर लोणी सोडून मंद आचेवर बदामी होईपर्यंत भाजा. आत ओलं राहता कामा नये.

घरी अंडं चालत नाही? मग दुधात एक मोठा चमचा कस्टर्ड पावडर कालवा. इंग्लंडमधल्या आल्फ्रेड बर्ड यांनी १८३७ मध्ये ती तयार केली, कारण त्यांच्या पत्नीला अंडं सोसत नसे!

ताजा स्लाइस दुधात पडला की लगेच फाटतो. शिळ्या पावातला स्टार्च मात्र घट्ट झालेला असतो, म्हणून तो दूध पिऊनही आकार सोडत नाही. फ्रिजमध्ये ठेवला, तर पाव उलट लवकरच शिळा होतो.

चटकदार : इटलीचा ‘ब्रुस्केत्ता’

साहित्य : शिळे स्लाइस ४, पिकलेले टोमॅटो २, लसणीची १ पाकळी, ऑलिव्ह तेल २ चमचे, मीठ, मिरपूड.

कृती : टोमॅटो बारीक चिरून त्यात तेल आणि मिरपूड घाला. स्लाइस कोरड्या तव्यावर कुरकुरीत भाजा. गरम असतानाच त्यावर सोललेली लसूण घासा. खडबडीत पावावर ती किसणीसारखी झिजते! आयत्या वेळी टोमॅटोत मीठ घालून वर पसरा. आधी घातलंत, तर पाणी सुटून पाव मऊ पडेल. इटलीत वर बेसिलची पानं घालतात. आपला सब्जा त्याच झाडाचं बी! ऑलिव्ह तेल नसेल, तर टोमॅटोत तेल न घालता भाजलेल्या पावालाच लोणी लावा.

आता महत्त्वाचं. शिळं वेगळं आणि खराब वेगळं. पावावर हिरवा, काळा किंवा पांढरा बुरशीचा ठिपका दिसला, तर तेवढाच भाग काढून बाकीचा खायचा नाही. अख्खा पाव टाकायचा. पण नुसता कडक झाला म्हणून टाकलात, तर शेतकऱ्यापासून बेकरीवाल्यापर्यंत साऱ्यांचे कष्ट कचऱ्यात जातात.

आणि हो, पहिली डिश आपण नाही खायची. रोज आपल्याला करून वाढणाऱ्या माणसाला आयती हातात द्यायची!