उदबत्ती स्वदेशी, पण मजुरीचे काय?

“परदेशी उदबत्ती नको, आपल्या बहिणींचा रोजगार वाचवा,” असा आग्रह आता आपल्या मंडळांतही ऐकू येतो. बहिणींच्या नावाने बोलणाऱ्या या प्रचारात बहिणीच्या मजुरीचा आकडा मात्र कुठेच नसतो. माझे भांडण आहे ते याच्याशी.

मुळात परदेशी उदबत्ती ओळखणार कशी? व्हिएतनाम-चीनमधून मोठ्या प्रमाणावर आली ती बिनवासाची कच्ची काडी. इथे ती सुगंधी द्रवात बुडवली की देवीचे चित्र असलेल्या पाकिटात बसते. घाटकोपरच्या बाजारातले सर्वांत स्वस्त पुडे आणून मी जाळून पाहिले. आधी मोगरा, मग नुसता कोळशाचा धूर. काडी कुठल्या बाईने वळली, तिला काय मिळाले, हे ना वासावरून कळले, ना पाकिटावरून.

ऑगस्ट २०१९ मध्ये केंद्र सरकारने उदबत्तीच्या आयातीवर निर्बंध घातले. जून २०२० मध्ये बांबूच्या काड्यांवरील आयात शुल्क १० टक्क्यांवरून २५ टक्के केले. त्याच वर्षी खादी व ग्रामोद्योग आयोगाची उदबत्ती योजना आली. तिचा हिशेब बघा. एका यंत्रावर चौघे, दिवसाला ८० किलो माल, किलोला १५ रुपये मजुरी. म्हणजे प्रत्येकाला ३०० रुपये. यंत्राच्या किमतीत २५ टक्के अनुदान, उरलेले ७५ टक्के कारागिराकडून मासिक हप्त्याने वसूल. कच्चा माल आणि विक्री व्यापाऱ्याच्या हातात, यंत्राचे देणे राबणाऱ्याच्या डोक्यावर! वीज गेली, अंगात ताप भरला, तर त्या दिवसाचे ३०० कोण देणार?

आणि ज्या बाईला यंत्रही मिळत नाही, ती चाळीतल्या खोलीत हजार नगांच्या भावाने राबते. घरी विडी वळणारीला १९६६ च्या कायद्याने निदान कामगार तरी मानले. उदबत्ती वळणारीच्या वाट्याला तसा स्वतंत्र कायदा आला नाही. घरखेप कामगारांसाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९६ मध्ये १७७ क्रमांकाचा करार संमत केला. भारताने अजून त्याला मान्यता दिलेली नाही. आयात रोखायला एक अधिसूचना पुरली, या करारासाठी मात्र पंचवीसहून अधिक वर्षे अपुरी पडली!

हनोईजवळच्या क्वांग फू काऊ गावातही बायकाच बांबूच्या काड्या रंगवतात, उन्हात वाळवतात. त्या आपल्या शत्रू नाहीत. दोघींना एकमेकींच्या विरोधात उभे करून भाव पाडणारा मधला माणूस आपण ओळखायला हवा.

म्हणून अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर इथल्या सर्व मंडळांना आणि बचत गटांना माझे सांगणे आहे. आपल्या स्टॉलवर उदबत्ती ठेवाल तेव्हा पुरवठादाराला वळणावळीचा दर विचारा आणि तो पाकिटावर छापायला लावा. तो दर किमान वेतनाशी ताडून पाहा. सांगायला नकार देणाऱ्याचा माल, मग तो कितीही स्वदेशी असो, परत पाठवा.