खिशातले पिस्तूल आणि मालकाची साक्ष

गेल्या दिवाळीत माझा एक जुना विद्यार्थी टेक्सासहून घरी आला होता. भूप अजून त्याच्या गळ्यावर चांगला बसला आहे, पण बोलणे सगळे पिस्तुलाचे. तिकडे त्याने एक लहानसे पिस्तूल घेतले आहे; सदऱ्याखाली कमरेला लावले तर कोणाला दिसू नये असे. ‘‘गुरुजी, पहिल्या दोनशे गोळ्यांत तीनदा अडकले, आता बरे चालते,’’ असे तो म्हणाला, आणि ज्या सहजतेने म्हणाला तिचेच मला नवल वाटले. जी वस्तू जन्मात एखाद्याच वेळी, तीही जिवावर बेतल्यावर, कामी यावयाची, ती ‘आता बरी चालते’ म्हणजे काय?

ग्वाल्हेरच्या जुन्या घरांना हत्यार परके नाही. दसऱ्याला आजोबांच्या तलवारीशेजारी परवान्याचे रिव्हॉल्व्हर मांडून हळदकुंकू वाहिलेले आपण पाहिले आहे. वरातीत हवेत बार काढण्याच्या खोडीला २०१९ च्या कायदादुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद सांगितली, तरी सनईवाल्यांच्या छातीतली धडधड काही गेलेली नाही. आणि एक गोष्ट आपण सहसा बोलत नाही. जानेवारी १९४८ मध्ये जे छोटेसे इटालियन बेरेटा पिस्तूल दिल्लीस गेले, ते याच शहरातून. तीन गोळ्या सुटल्या. ते अडकले नाही. त्यामुळे ‘खात्रीचे हत्यार’ हे शब्द कानी पडले की माझे मन आधी कौतुकाकडे जात नाही.

परंतु अमेरिकेतला प्रश्न वेगळा आहे आणि तो समजून घेण्याजोगा आहे. तेथे २०२४ पर्यंत पन्नासांपैकी २९ राज्यांनी प्रौढ नागरिकास परवान्यावाचून पिस्तूल लपवून बाळगण्याची मुभा दिली. टेक्सासने ती २०२१ साली दिली. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कचा कडक नियम रद्द केला. साहजिकच कारखानदारांची चढाओढ लागली ती लहानात लहान पिस्तुलात जास्तीत जास्त गोळ्या बसविण्याची.

आता लहान पिस्तूल खात्रीचे करणे मोठ्यापेक्षा अवघड का, ते पाहा. गोळी सुटली की वरचा पोलादी भाग, म्हणजे स्लाइड, मागे सरतो, रिकामे काडतूस बाहेर फेकतो आणि पुढे येताना खालचे नवे काडतूस नळीत ढकलतो. लहान पिस्तुलात गोळीचा जोर तोच, पण स्लाइड हलकी आणि तिचा प्रवास आखूड. मग स्प्रिंग ताठ घालावी लागते. स्लाइड इतक्या झटक्यात परतते की मॅगझिनमधल्या स्प्रिंगला पुढचे काडतूस वर उचलण्यास जेमतेम वेळ मिळतो. धरणाऱ्याचे मनगट ढिले असले तर स्लाइडला आधार मिळत नाही आणि ती अर्ध्यावर अडते. त्यात कमरेचा घाम आणि कपड्याचे तंतू. रिव्हॉल्व्हरचे तसे नाही. एक काडतूस फुसके निघाले तर पुन्हा चाप ओढावा, पुढचे समोर येते. आपल्याकडे कानपूरच्या कारखान्याने २०१४ साली स्त्रियांसाठी म्हणून काढलेले ‘निर्भीक’ हे रिव्हॉल्व्हरच होते. वजन अर्ध्या किलोच्या आसपास, किंमत मात्र सव्वा लाखाच्या घरात!

दोन उदाहरणे सांगतो. रेमिंग्टन या जुन्या कंपनीने २०१४ साली ‘आर ५१’ नावाचे पिस्तूल बाजारात आणले. काडतूस नीट न भरणे, स्लाइड पुरती न मिटणे अशा तक्रारी मालकांनी इतक्या केल्या की त्याच वर्षी कंपनीला ते परत घेऊन बदलून देण्याची तयारी दाखवावी लागली. २०१८ च्या जानेवारीत सिग सॉअर कंपनीचे ‘पी ३६५’ आले. रुंदी इंचभर, वजन अर्धा किलो, आणि मॅगझिनमध्ये दहा गोळ्या. पहिल्याच वर्षी काही मालकांच्या फायरिंग पिना तुटल्या, काहींची स्लाइड पुरती मिटेना. कंपनीने भाग सुधारले आणि पुढे तेच पिस्तूल भरमसाट खपले. म्हणजे पहिल्या वर्षी पैसे मोजणारे गिऱ्हाईक, नकळत, कारखान्याचे परीक्षकच झाले म्हणावयाचे.

याचे मूळ कायद्यात आहे. १९७२ च्या कायद्याने अमेरिकेत ग्राहकांच्या वस्तूंच्या सुरक्षिततेसाठी आयोग स्थापन झाला. पाळणा सदोष निघाला तर तो परत मागविण्याचा अधिकार या आयोगाला आहे. बंदुका मात्र त्याच्या कक्षेतून मुळातच वगळल्या आहेत. दोष निघाला तर पुढे यावे की नाही हे कंपनीने ठरवावयाचे, नाही तर मालकाने न्यायालयात जावयाचे.

म्हणून मालकाच्या साक्षीला एवढे महत्त्व आले, आणि ती साक्ष फार नाजूक असते. ज्याने पदरचे पैसे घातले तो वस्तूची बाजू घेतो. ज्याचे अडकले तो गावभर सांगतो, ज्याचे चालते तो गप्प बसतो. किती विकली त्यांपैकी किती अडकली, हा हिशेब कोणापाशीच नसतो. ‘पी ३६५’चे थोरले भावंड ‘पी ३२०’ याविषयी तर चाप न ओढता गोळी सुटल्याचे दावे झाले. २०२४ साली जॉर्जियात आणि फिलाडेल्फियात ज्यूरींनी तक्रारदारांच्या बाजूने कौल दिला. इतर काही दावे फेटाळले गेले. कंपनी दोष नाकारीत आली आहे. जुलै २०२५ मध्ये वायोमिंगच्या हवाई तळावर अशाच पिस्तुलाच्या गोळीने एक सैनिक गेला, तेव्हा हवाई दलाच्या त्या विभागाने वापर थांबविला. महिनाभरात खोटी जबानी व सदोष मनुष्यवधाच्या संशयावरून दुसऱ्याच एकाला अटक झाली आणि पिस्तुले पुन्हा वापरात आली. पहिल्या दिवशीच्या बातमीवर ज्यांनी शपथा घेतल्या होत्या, दोन्ही बाजूंचे, त्यांनी काय केले असेल?

तिकडचे जाणते लोक सांगतात की, नवे पिस्तूल कमरेला लावण्याआधी निदान दोनशे गोळ्या चालवून पाहाव्यात, आणि त्यांपैकी काही तरी जी रोज बाळगावयाची त्याच जातीच्या असाव्यात. कारण टोकाला खळगा असलेली महाग गोळी आणि सरावाची स्वस्त गोळी एकसारखी सरकत नाही. मला हे लगेच पटले. माझे वडील दरबारी गवई. मैफलीच्या दिवशी तंबोऱ्याला नवी तार त्यांनी कधी चढविली नाही. चार दिवस आधी चढवीत आणि ती ताणून, उतरून, बसू देत.

विद्यार्थ्याला मी विचारले, तुझ्या त्या दोनशे गोळ्या कोणत्या? सरावाच्या, तो म्हणाला. आणि बाळगतोस त्या? त्यांतली एकही अजून चालविलेली नाही, डबी फार महाग पडते गुरुजी. मग तंबोरा जुळवून आम्ही भूप म्हणावयास बसलो.